रेघेखालचे गोल

“हे बघ, पुन्हा आले,” ती म्हणाली आणि जाड कागद तिने दादाच्या नाकासमोर धरला.

दादाने कागद हातात घेतला नाही. चष्मा पुसत म्हणाला, “तुझ्या यंत्राला पुरळ उठलंय.”

थट्टा करायला त्याचं काय जात होतं! तिची मात्र झोप उडाली होती. नव्या औषधाला परवानगी देणाऱ्या समितीच्या बाईंना डोळ्यांनी दिसत नव्हतं. दुसऱ्याने वाचून दाखवलेल्या आलेखावर सही करणार नाही, माझ्या बोटांनी वाचीन, असं त्यांनी ठणकावून सांगितलं होतं. म्हणून बोटांना कळेल असा आलेख कागदावर उठवायचं काम तिच्याकडे आलं होतं.

औषध थरथरणाऱ्या हातांसाठी होतं. आणि आईचे हात असे थरथरत, की चहाचा कप बशीत वाजत राही. परवानगी लवकर मिळावी म्हणून ती जिवाचं रान करत होती.

संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर स्वतः चित्र काढत नाही. ते नुसते हुकूम सोडतं: इथे रेघ ओढ, इथे गोल काढ, इथे अक्षर लिही. राबायचं ते पडद्याने, नाहीतर प्रिंटरने. तिने त्याच हुकमांचा आणखी एक ताबेदार तयार केला होता. त्याच्या सुया जाड कागदाला मागून टोचत आणि पुढच्या बाजूला बोटांना लागेल असा उठाव येई. शाई नाही, रंग नाही. हुकूम आला की टोच.

आलेख दादाचा होता. हे औषध काढणाऱ्या कंपनीतच तो आकडेमोड बघायचा. मधोमध आडवी रेघ. औषधाने बरं वाटलेले रोगी रेघेच्या वर, ज्यांचं दुखणं बळावलं ते खाली. प्रत्येक रोग्याचा एक गोल. पडद्यावर खालचा भाग स्वच्छ कोरा होता. तिच्या कागदावर मात्र खालच्या कोपऱ्यात पाच-सात गोल हटकून उठत.

तिने सुया तपासल्या, मापं तपासली, आपला कोड पिंजून काढला. दादाच्या आलेखावर शंका घ्यावी असं तिच्या मनातही आलं नाही. लहानपणी तिची गणितं तपासून देणारा तो. त्याचं चुकेल कसं?

“कोणीतरी वाचून दाखवा की त्या बाईंना,” दादा म्हणाला. “एवढा खटाटोप कशाला?”

“आईसाठी,” ती चिडून म्हणाली. “तुला नसेल घाई, मला आहे.”

हे तिला खरंच बोचत होतं. आईने औषधाचा विषय काढला की दादाचा नन्नाचा पाढा सुरू: थांब जरा, बाजारात येऊ दे, आधी इतरांना घेऊ दे. सख्खा मुलगा त्या कंपनीत, आणि आईसाठी एवढं होईना!

दादाने चष्मा पुन्हा पुसला. मग उठता उठता म्हणाला, “एक ओळ घाल. पांढऱ्या रंगाचा हुकूम आला तर सोडून द्यायचा. पान पांढरं रंगवायचे हुकूम असतात ना, त्याचाच कचरा असेल.”

तिने ओळ घातली. कागद बाहेर आला. रेघेखाली बोट फिरवलं, तर गुळगुळीत. तिचा जीव भांड्यात पडला. एका ओळीत काम फत्ते! तिला दादाचा अभिमान वाटला, आणि त्याला बोलल्याची लाजही वाटली.

समितीच्या बाईंनी कागदावरून दोन्ही हातांची बोटं सावकाश फिरवली. रेघेखाली त्या जरा जास्तच रेंगाळल्या.

“इथे कोणीच नाही,” त्या म्हणाल्या. “छान.” आणि त्यांनी सही केली.

घरी ती नाचतच आली. “आई, मिळाली परवानगी! आता डॉक्टरांना सांगून औषधासाठी तुझं नाव घालू.”

“नाही!” दादा असा ओरडला की आईच्या हातातला कप कलंडला. आजवर त्याने घरात कधी आवाज चढवला नव्हता. “तू ते औषध घ्यायचं नाहीस, आई. मी सांगतोय ना!”

आई बावरून फडकं शोधायला आत गेली. टेबलावर आधीचा, बिघडलेला कागद तसाच पडला होता. चहा त्याच्या खालच्या कोपऱ्यावरून पसरत गेला. रेघेखाली ते पाच-सात गोल तेवढे कोरडे राहिले.

तिने त्यांच्यावरून एकेक करत बोट फिरवलं.

“दादा,” तिने विचारलं, “हे गोल पांढरे आहेत, हे तुला कसं ठाऊक होतं?”