दृष्टीआड

"तिचं लक्ष नाही तोवर सटकते मी," नणंद कुजबुजली. "लहान जीव आहे. दोन दिवसांत विसरेल."

ठमी पलंगाच्या पायाशी बसून सतरंजीचा एक सुटलेला धागा ओढत होती. नऊ महिन्यांची होती ती. दुपारचं ऊन पडद्यातून झिरपून खोलीभर पसरलं होतं आणि त्या पिवळसर उजेडात सगळं पाण्याखाली असल्यासारखं संथ दिसत होतं.

ठमीची आई खुर्चीत बसून लेकीकडे बघत होती. ती परवाच इस्पितळातून घरी आली होती. छातीच्या दुखण्याने तिला पाच महिने माणसांपासून तोडलं होतं. बाळाला जवळ आणायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेवढे दिवस नणंदेने आपल्या शिवणकामाच्या दुकानाला कुलूप घालून ठमीला सांभाळलं. आज ती परत निघाली होती. भाऊ तिची बॅग घेऊन खाली गेलासुद्धा होता.

"जरा थांबा ना ताई," ठमीची आई म्हणाली.

कॉलेजात ती बालमानसशास्त्र शिकवायची. फळ्यावर जिना काढायची आणि मूल एकेक पायरी कसं चढतं ते सांगायची. "तान्ह्या बाळाच्या लेखी नजरेसमोरून गेलेली वस्तू जगातूनच गेलेली असते. ती कुठेतरी असेल, हे त्याच्या गावीही नसतं. दृष्टीआड सृष्टी म्हणतो ना आपण? इथे तर सृष्टीच नाही!" मुलं हसायची आणि परीक्षेत नेमकं तेवढंच वाक्य लिहायची.

इस्पितळात छताकडे बघत पडल्यापडल्या तिने याच पायरीचा आधार घेतला होता. चार महिन्यांच्या बाळाला शोधता येत नाही. म्हणजे ठमीने तिला शोधलं नसणार. दाराकडे बघून रडली नसणार. हा विचार पांघरून तिला झोप लागायची. मग त्याच विचाराने दचकून जागही यायची.

ती खुर्चीतून उतरून जमिनीवर बसली. ठमीने परक्या बाईकडे बघावं तसं तिच्याकडे बघितलं आणि आत्या जागेवर आहे ना, याची खात्री करून घेतली. आईने पेल्यातला चमचा काढून तिच्यापुढे धरला. चमच्यावर ऊन लकाकलं. ठमीने हात पुढे केला तसा तिने तो जमिनीवर ठेवला आणि वर टॉवेल टाकला.

ती देव पाण्यात घालून बसल्यासारखी बसली. ठमीने तोंड फिरवलं, की ताईंनी खुशाल निघावं. रडारड नाही, काही नाही. संध्याकाळपर्यंत पाटी कोरी, आणि त्या कोऱ्या पाटीवर आपण.

ठमीचा हात हवेतच राहिला. ती टॉवेलकडे बघत राहिली. पडदा फुगला, परत बसला. मग तिने टॉवेल मुठीत धरला आणि ओढला.

"अगं लबाडे!" नणंदेने टाळी वाजवली.

ठमीच्या आईचे डोळे भरून आले. "हे कधीपासून करते ही?"

"झाला की आठवडा. उशीखालून माझा चष्मा काढते. या घरात काही लपवायची सोय राहिली नाही बघ." नणंदेने चपला हातात घेतल्या. "चमच्यात गुंतलीये तोवर निघते. बाहेर जाऊन घालते या."

"ताई, चोरून जाऊ नका."

"अगं, रडेल ना ती!"

"रडू दे. तुम्ही गेलात हे तिला दिसू तरी दे. नाहीतर घरभर शोधत बसेल."

"तुझं आपलं पुस्तकातलं काहीतरी."

"पुस्तकात एवढंच आहे, की ती शोधेल. किती दिवस, ते नाही लिहिलेलं."

नणंदेने हातातल्या चपलांकडे बघितलं. मग त्या खाली टाकून तिने ठमीला उचललं. "जाते हं मी," ती म्हणाली, आणि जीभ चावली. "येते. येते हं, ठमे." तिने बाळाला आईच्या हातात दिलं आणि मागे न बघता दार ओढून घेतलं.

ठमीने पाठीची कमान केली. तिच्या आवाजाला खोली पुरेना. आई खुळखुळा आणायला उठली नाही, खिडकीतली चिमणी दाखवली नाही. तिने लेकीला अलगद खाली सोडलं. ठमी रांगत दाराशी गेली आणि दोन्ही तळव्यांनी दारावर थापा मारू लागली. आई तिच्या शेजारी जाऊन बसली. पाठीवरून फिरवायला हात पुढे गेला, आणि परत आला.

ऊन भिंतीवर चढलं. रडणं हळूहळू विरत गेलं, नुसते हुंदके उरले. खाली कुठेतरी गाडी सुरू झाली आणि लांब जात जात ऐकू येईनाशी झाली.

मग ठमी खाली वाकली. तिने दारातल्या पायपुसण्याचा कोपरा धरला, उचलला आणि खाली बघितलं. थोडी माती होती. तिने मान वळवून आईकडे बघितलं.

आई हसली नाही. ती जमिनीवर पालथी झाली, तिने पायपुसण्याचा दुसरा कोपरा उचलला आणि त्या अंधारात खूप वेळ नीट बघितलं.

"इथे पण नाही गं," ती म्हणाली.

ठमी रांगत तिच्या कुशीला आली, तिच्या गालाला गाल लावून वाकली, आणि तीही आत बघू लागली.