वाटीवर तीनदा

सून वारली त्याला दीड महिना झाला. रोज दुपारी ती स्वयंपाकघराच्या खिडकीत वाटीवर चमचा तीनदा वाजवायची आणि बागेतली सगळी पाखरं भुर्रकन हजर व्हायची. की इकडे सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू, "माणसांआधी पाखरांना वाढतेस, बाई? आम्ही काय मेलोय?"

आता सासूबाई स्वतःच वाटी वाजवत होत्या. दाणेही तिच्यासारखेच भिजवत होत्या. पण एक पाखरू फिरकेल तर शपथ.

"आई, पाखरं हात ओळखतात," मुलगा म्हणाला. "चार दिवस उपाशी परतली, शहाणी झाली. दुसरी खिडकी धरली असेल."

"मोठा आलाय पाखरांचा मास्तर!" म्हणत त्यांनी डोळे पुसले.

आज मुलगा कामावर गेल्यावर त्यांनी चमचा उचलला. तो वाजवण्याआधीच अख्खा थवा खिडकीत येऊन बसला. दाण्यांकडे कुणी बघेना. सगळ्यांच्या नजरा सासूबाईंच्या खांद्यामागे लागल्या होत्या.

मागे वाटीवर चमचा तीनदा वाजला.

हातातला चमचा त्यांनी घट्ट धरला. वळून पाहिलं नाही.

"वाढ, बाई," त्या हळूच म्हणाल्या. "आधी त्यांनाच वाढ. मी थांबते."