वाटाड्या

पती एकनाथरावांचं आजारपण काढता काढता भामाबाई पार थकल्या होत्या. ते गेल्यावर नारायणगुड्याच्या घरात सोबतीला उरला आजेसासऱ्यांनी मेक्सिकोच्या प्रवासातून आणलेला मातीचा गुबगुबीत कुत्रा. भामाबाई त्याच्याशी बोलत, त्याच्यासमोरच जेवत. आज संग्रहालयातली शिवानी तो पाहायला आली. हात लावताच तिचा आवाज हळू झाला. "आजी, हा दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे. मेलेल्या माणसाला पुढची वाट दाखवायला तिकडे असा कुत्रा थडग्यात ठेवायचे. तुमच्या आजेसासऱ्यांना तो तिथूनच मिळाला असणार." भामाबाईंनी कुत्रा जवळ ओढला. "मग थडग्यातल्या त्या बिचाऱ्याला वाट कोणी दाखवली?" मग त्यांनीच पुढे विचारलं, "ह्याला परत पाठवता येतं का गं?" "हौ, येतं. पण तुम्ही एकट्या पडाल." "माझं काय, मी माझ्या घरात तर आहे," म्हणत भामाबाईंनी अंगावरची शाल त्याच्याभोवती गुंडाळली.