फरारी जोडीला खोली

पोलिसांना चुकवत पळणाऱ्या प्रेमिकांचा तो सिनेमा यतीननं व्हिडिओवर चार वेळा पाहिला होता. शेवटी दोघं गोळ्या झेलतात पण परत जात नाहीत, तिथं त्याचे डोळे दर वेळी भरून यायचे.

रविवारी उत्तराचं लग्न वडिलांनी ठरवलेल्या कॅप्टनशी लागणार होतं. म्हणून शुक्रवारी सकाळी ती कॉलेजची प्रमाणपत्रं घेऊन यतीनबरोबर गाझियाबादहून निघाली. बसमध्ये तो म्हणाला, "आता मागं वळून बघायचं नाही, यार."

तो तिला थेट राजधानीत, कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सरकारी अतिथिगृहात घेऊन आला. खोली स्वस्त होती आणि जेवणात वरणभात मिळायचा. काउंटरवरच्या काकांनी विचारलं, "कुणा अधिकाऱ्याचं पत्र आणलंय का?"

यतीन कोपऱ्यातल्या एसटीडी बूथमध्ये शिरला. दार नीट लागलं नव्हतं.

"बाबा, तुमच्या ऑफिसातून एक पत्र फॅक्स करायला सांगा ना. हो, डबल रूम. नाही, जेवलो नाही अजून."

 

उत्तरानं काकांना पुण्याची गाडी किती वाजता सुटते ते विचारलं, आणि मग ती खरोखरच पळून गेली, एकटी.