वीस स्लाइड

लिफाफ्यातली यादी हरिणीने तीनदा वाचली. तरी तेच. वीसपैकी आठ स्लाइड चुकल्या होत्या.

दोन वर्षांपूर्वी वेलचेरीत पुराचं पाणी भरलं तेव्हा ती घरात अडकली, आणि तांबरमच्या प्रयोगशाळेतले तिचे कृमी आठवडाभर उपाशी राहिले. टाकून देण्याआधी तिने सहज एक सूक्ष्मदर्शकाखाली धरला. त्याच्या डोक्यातली चेतापेशी एरवी काडीसारखी सरळ असायची. आता तिला फांद्याच फांद्या फुटल्या होत्या. खायला घातलं, तर त्या फांद्या पुन्हा आवरल्या गेल्या. डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या त्या जीवाचा हरिणीला एवढा अभिमान, की घरी अम्मा म्हणायची, "पोरगी किड्याचं कौतुक करते, माणसाचं नाही."

तिच्या मार्गदर्शक कुमुदिनी मॅडम पुण्याच्या, कौतुक करण्यात भारी कंजूष. "उपाशी कुठला, पोटभर खाल्लेला कुठला, हे ठाऊक नसताना फांद्या मोज. मग बोलू." सहकारी मुरलीने कृमींच्या वीस स्लाइडवरची 'उपाशी', 'पोटभर' ही नावं झाकून आकडे चिकटवले आणि खरी यादी लिफाफ्यात बंद केली. हरिणीने आठवडाभर मान मोडेस्तोवर मोजलं. फांद्या भरपूर, तो उपाशी, असं वहीत लिहीत गेली.

सोमवारी हे काम बंगळुरूच्या परिषदेत मांडायचं होतं. आणि आज हे असं.

"आठच आहेत की," मुरली हळूच म्हणाला. "दुरुस्त कर आणि मोकळी हो."

वही पेन्सिलीने लिहिलेली होती. खोडायला पाच मिनिटं पुरली असती. हरिणीने खोडरबर हातात घेतलाही. मग तो खाली ठेवला आणि वही घेऊन मॅडमच्या खोलीत गेली.

"मॅडम, आठ चुकलेत. दोन वर्षांचं काम फुकट गेलं. मी परिषदेला जात नाही."

मॅडमनी वही नीट पाहिली. एकही खाडाखोड नव्हती. त्यांनी खणातून दुसरी यादी काढली. "मोजणी सुरू व्हायच्या आधी मी मुरलीलाही न सांगता चार उपाशी आणि चार पोटभर अशा आठ स्लाइडवरचे आकडे आपसांत बदलले होते. हिच्याशी ताडून बघ."

हरिणीने ताडलं. वीसच्या वीस बरोबर. तिला आनंद झाला आणि रागही आला.

"माझ्या मोजण्यावर एवढा अविश्वास, मॅडम?"

"मोजण्यावर नव्हताच." मॅडमनी वही मिटून तिच्या हातात दिली. "आजवर सहा विद्यार्थ्यांच्या स्लाइड मी अशा बदलल्या. चूक सांगायला आलेली तू पहिली."