डावा खिसा

पोरीच्या हातात स्क्रू ड्रायव्हर आला आणि काचेबाहेर बाकावर बसलेल्या मिस्त्रीची छाती वीतभर फुगली.

दुचाक्या दुरुस्त करता करता त्याचे केस पिकले होते, पण विमान त्याने इतक्या जवळून आज पहिल्यांदाच पाहिलं. छोट्या विमानांच्या दुरुस्तीची ती शेड. शिकाऊ कामाची एकच जागा होती. अनुभवाची अट नव्हती, फक्त वय अठराच्या आत हवं. पोरीला अठरा पूर्ण व्हायला तीन आठवडे उरले होते. म्हणजे आज जमलं तर जमलं, नाहीतर विमान आयुष्यभर खालूनच बघायचं.

आत सहा टेबलं, सहा मुलं. प्रत्येकासमोर मोडीत निघालेल्या पंखाचा एक तुकडा. त्यावरचं झाकण उघडायचं आणि परत बसवायचं, एवढीच परीक्षा. झाकणाला बारा स्क्रू, शेजारी बारा खणांचा एक ट्रे.

"आमच्याला घरातला बल्ब बदलता येत नाही," बाकावरची बाई म्हणाली. तिचा मुलगा दुसऱ्या टेबलाशी घाम पुसत होता. एक स्क्रू काढायचा, खणात ठेवायचा, मागचे पुन्हा मोजायचे. गोगलगायीने लाजावं असं काम चाललं होतं.

"येईल हो त्याला," मिस्त्री म्हणाला. जिंकत आलेल्या माणसाला उदार व्हायला काय जातं? "ती चौथ्या टेबलाची माझी. हात बघा तिचा. स्क्रू खाली ठेवतच नाही. निघाला की डाव्या खिशात."

"आणि तो ट्रे?"

"असेल कुणाला खिसा नसला तर. गॅरेजात खाली ठेवला तो स्क्रू गटारात गेला म्हणून समजा."

"तुम्ही शिकवलंत?"

"बाळकडूच म्हणा."

पोरीचं झाकण सगळ्यांच्या आधी बसलं. बाराच्या बारा स्क्रू जागेवर, एकाचीही खाच खरवडलेली नाही. परीक्षक बाईंनी झाकणावरून अंगठा फिरवला, मान डोलावली. मग त्यांनी तो रिकामा ट्रे उचलून पाहिला आणि पोरीला दाराजवळच्या टेबलाशी बोलावलं.

दार अर्धवट उघडं होतं. मिस्त्रीला राहवलं नाही. पाणी प्यायचं निमित्त करून तो दाराशी जाऊन उभा राहिला. पोरीची त्याच्याकडे पाठ होती.

"हात तयार आहे तुझा," बाई म्हणाल्या. "सगळ्यांत चांगला. पण तुला घेता येणार नाही."

"काय चुकलं, मॅडम?"

"स्क्रू खिशात टाकलेस."

"बाराच होते. मोजले होते मी."

"मला ठाऊक आहे. पण ट्रे सगळ्यांना दिसतो, खिशात किती आहेत ते फक्त तुलाच माहीत. एखादा बसवायचा राहून गेला तर? दुचाकी बिघडली तर रस्त्याच्या कडेला घेता येते. विमानाला वर कड नसते, बाळा."

"मी सोडेन ती सवय."

"आता म्हणशील. घाई झाली की हात आपोआप खिशाकडे जाईल. मी वीस वर्षं शिकवतेय. ज्याला काहीच येत नाही त्याला शिकवता येतं. शिकलेल्याकडून विसरवून घेता येत नाही. आम्हाला कोरी पाटी लागते." बाईंचा आवाज उतरला. त्यांनाही ते सोपं जात नव्हतं. "कुणी शिकवलं हे तुला?"

मिस्त्री दाराला आणखी चिकटला.

"कुणी नाही," पोर म्हणाली. "माझं मीच."

आजवर त्याच्या पाठीवर गाडी पडली होती, बोटं चेंगरली होती, तेव्हा त्याने हूं की चूं केलं नव्हतं. आता मात्र त्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आत जाऊन सांगावं, मीच शिकवलं, तिचा काही दोष नाही. पण सांगून काय होणार होतं? शिकवलं कुणी याने हाताची सवय थोडीच पुसली जाणार होती? उलट पोरीचं एवढंसं खोटं तेवढं उघडं पडलं असतं. तो पाय न वाजवता मागे फिरला आणि जागचा हललोच नाही अशा थाटात बाकावर येऊन बसला. दुसऱ्या टेबलाचा मुलगा अजून सातव्या स्क्रूशीच होता. त्याच्या आईने मिस्त्रीचा चेहरा बघितला आणि पुन्हा काचेकडे नजर वळवली.

पोर लगेच बाहेर आली नाही. कोपऱ्यातल्या बेसिनवर ती बराच वेळ हात धूत राहिली, मग तोंडही धुतलं. बाहेर आली ती हसतच.

"चला बाबा."

दोघं फाटकाबाहेर आली. मिस्त्रीने गाडी स्टँडवरून काढली, पण किक मारली नाही. बापाने काहीच विचारलं नाही तर पोरीला संशय येईल, असं त्याला वाटलं.

"काय म्हणाल्या मॅडम?"

"काम आवडलं त्यांना. सफाई आहे म्हणाल्या." तिने हेल्मेटचा पट्टा उगाचच दोनदा ओढला. "पण त्यांची उंचीची अट आहे. मी थोडी कमी पडले."

मिस्त्री सहा फुटांचा गडी होता आणि पोर त्याच्या कानापर्यंत पोचत होती. बाकीच्या पाचही मुलांत तिच्याएवढं उंच कुणी नव्हतं.

तिच्याकडे न बघता त्याने मान हलवली.

"त्यात तुझा काय दोष?" तो म्हणाला. "माझ्यावर गेलीस."