राहण्याचा पत्ता

"दहा वर्षं रद्द," आश्लेषा काचेपलीकडच्या भावाला फोनवर म्हणाली. "अपीलमध्ये म्हणाले, भोगली तेवढी शिक्षा पुरे. उरलेली प्रोबेशनवर, बाहेर राहून. पण जॉर्जिया सोडायचं नाही."

परीक्षित पुढे सरकला. "मग कधी सोडतायत?"

"राहण्याचा पत्ता दिलास की लगेच."

तो हसला. ते हसणं तिला बघवेना. पंधरा वर्षांच्या त्या मुलीशी तो जे वागला होता, त्याची शिक्षा त्यानं पूर्वीच भोगली होती. अमेरिकन नागरिक होता, म्हणून निदान भारतात हाकलला नव्हता. आत्ताची शिक्षा निराळी. अशा गुन्हेगारानं घर बदललं की शेरीफला, म्हणजे तिथल्या पोलिसप्रमुखाला, कळवायचं, असा नियम. अशा गुन्हेगारांच्या सरकारी यादीत नाव दिसल्यावर घरमालकानं त्याला बाहेर काढलं. तो गाडीत झोपू लागला. आज या पार्किंगमध्ये, उद्या त्या. कळवायचं तरी काय? कळवलं नाही, म्हणून दहा वर्षं.

"ताई, तुझा पत्ता दे."

"घरासमोर स्कूलबस थांबते रे. मुलं जमतात तिथं तुला राहणं कायद्यात बसत नाही."

"बसतं. वकिलांनी चेक केलंय. तुलाही सांगितलं ना त्यांनी?"

सांगितलं होतं. अल्फारेटाहून इथवर ड्राइव्ह करताना तिनं तेवढाच विचार केला होता. अनिल रात्री म्हणाला होता, "तुझा भाऊ आहे, तू ठरव." आणि कूस बदलून झोपला होता.

"शरयू आहे घरात," ती म्हणाली.

"माझी भाची आहे ती!"

"ती मुलगीही कुणाची तरी भाची असेल."

परीक्षितनं रिसीव्हर हळूच जागेवर ठेवला आणि वळून दारातल्या गार्डला हात केला. आश्लेषाच्या कानाशी तिचा रिसीव्हर तसाच होता. तिला आणखी काहीतरी बोलायचं होतं. काय, ते तिचं तिलाच कळत नव्हतं.

ती बाहेर येऊन गाडीत बसली, तोच मोबाइल वाजला. नागपूरहून आई.

"काय म्हणालं गं कोर्ट?"

"सोडा म्हणालं, आई."

पलीकडे आईला हुंदकाच फुटला. नाक ओढत ती म्हणाली, "मग दे ना त्याच्याकडे फोन."